कळसूबाईच्या चढावरील फुलें व झुडपें

शेतकऱ्याच्या दृष्टीनें फुलाच्या दोनच जाती आहेत: पिकाचें फूल आणि तणाचें फूल. पहिल्यावर त्याची आशा असते व दुसऱ्यावर त्याचें खुरपें चालतें. ह्या दोहोंखेरीज तिसऱ्या जातीचीं फुलें आपल्या मुलखांत पुष्कळ आहेत. तीं आपण पेरलेलीं नसतात व आपल्या पिकांत शिरूनही येत नाहींत. डोंगराच्या उतारांवर, कड्यांच्या खोबणींत व माथ्यावरील बोडक्या कातळांवर तीं आपापल्या वेळीं उमलतात आणि कोणी पाहो वा न पाहो, आपलें काम उरकून वाळून जातात. हीं फुलें पाहावयास जाणें ही रिकामटेकड्यांची हौस आहे, अशी समजूत आमच्या कित्येक वाचकांची असणें स्वाभाविक आहे. ही समजूत नुकसानीची आहे, एवढेंच दाखविण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. शेतांतील कोणतेंही एक पीक वर्षांतून कांहीं आठवडेच फुलतें. परंतु त्या फुलांत परागाची देवघेव करून दाणा धरविणारी मधमाशी मात्र बारा महिने जगली पाहिजे. आपलें पीक फुलांत नसतें त्या काळांत तिचें पोट कोण भरतें? बांधावरचीं झुडपें कांहीं अंशीं भरतात. परंतु मोठा वांटा डोंगराचा आहे. शिवाय डोंगराची माती व पाणी हीं त्याच फुलझाडांच्या मुळ्यांनीं धरून ठेविलेलीं असतात. म्हणजे डोंगराचा फुलोरा हा आपल्या जमाखर्चाच्या वहींत कधींही न मांडलेला असा जमेचा रकाना आहे. तो रकाना कशाकशानें भरलेला आहे, हें एका चढाच्या वाटेनें पाहूं.

वाट व ऋतु

उदाहरणादाखल आम्ही कळसूबाईची वाट घेतों. हें महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर. उंची १,६४६ मीटर, म्हणजे सुमारें ५,४०० फूट. तें अकोले व इगतपुरी ह्या तालुक्यांच्या शिवेवर उभें आहे. ह्या रांगेच्या दक्षिण अंगाचें पाणी प्रवरेच्या व उत्तर अंगाचें दारणेच्या खोऱ्यांत उतरतें. प्रवरेवर भंडारदऱ्यास १९२६ सालीं पूर्ण झालेलें धरण आहे व त्याच्या पाण्यावर खालच्या तालुक्यांतील ऊंस पोसला जातो. तेव्हां ह्या डोंगराचा संबंध केवळ पायथ्याच्या गांवांशीं आहे असें कोणीं समजूं नये. १९८६ सालापासून हें शिखर व भोंवतालचा मुलूख कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यांत मोडतो. सबब येथील फूल पाहावें, तोडूं नये.

नेहमींची वाट बारी गांवावरून जाते. गांवापासून माथ्यापर्यंत सुमारें आठशें मीटरांचा चढ आहे व अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. दर हजार मीटरांस हवा सुमारें सहा अंशांनीं थंड होत जाते. म्हणून पायथ्यास घाम निथळत असतां माथ्यावर अंगावर कांहीं घ्यावेंसें वाटतें. आणि जो फरक आपल्या अंगास कळतो तोच झाडांसही कळतो. पावसाचा फरक तर ह्याहून मोठा आहे. घाटमाथ्याच्या अगदीं कडेवर पावसाचें प्रमाण वर्षास कित्येक हजार मिलिमीटर असतें, आणि तेथून पूर्वेस संगमनेराकडे जातां जातां तें पांचशें मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतें. एवढ्या थोड्या अंतरांत एवढी तफावत असल्यामुळेंच ह्या पट्ट्यांत वनस्पतींचे इतके प्रकार सांपडतात.

ही वाट पाहावयाची ती भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून आश्विनाच्या मध्यापर्यंत. त्यापूर्वीं धुकें व पाऊस कांहीं दिसूं देत नाहींत आणि त्यानंतर गवत पिंवळें पडूं लागतें.

पायथा: खुरासणीचें शेत

बारीच्या शिवारांत सखल जागीं भातखाचरें आणि वरकस जमिनींवर नागली, वरई व खुरासणी असते. खुरासणीस कोठें कारळे असेंही म्हणतात. आश्विनांत तिचीं शेतें पिंवळीं धमक होतात. ह्या पिकाचा एक गुण प्रत्येक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. खुरासणीच्या एका झाडाचा पराग त्याच झाडाच्या फुलावर पडला तर बहुधा दाणा धरत नाहीं; दुसऱ्या झाडाचा पराग यावा लागतो, आणि तो आणण्याचें काम मुख्यतः मधमाशा करितात. शेत कितीही पिंवळें दिसलें, तरी माशी फिरली नाहीं तर बोंडांत पोंचट दाणे अधिक व तेल कमी, असा हा हिशेब आहे. पीक फुललें म्हणजे पिकलें असें नव्हे, ही गोष्ट खुरासणीइतकी स्पष्टपणें दुसरें पीक क्वचितच शिकवील.

शेतांच्या बांधांवर ह्याच सुमारास तेरडा फुललेला असतो. गौरीच्या सणास घरांत येणारा हाच तेरडा. "तेरड्याचा रंग तीन दिवस" ही म्हण खरी. परंतु एका फुलाचा रंग तीन दिवसांचा असला, तरी सबंध ताटव्याचा बहर कित्येक आठवडे चालतो व तितके दिवस माशांचा राबता तेथें असतो. पिकलेल्या बोंडास बोट लागतांच तें फुटून बीं दूर उडतें. त्यामुळें उघड्या पडलेल्या दरडीवर तेरडा फार लवकर पसरतो व माती झांकतो. त्याच्या शेजारीं कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे दिसतात. कुर्डूची कोंवळी भाजी आपल्याकडे होतेच.

येथेंच एका शत्रूचीही ओळख करून घ्यावी. जोंधळ्याच्या मुळांवर जगणारा टारफुला आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच्याच गोतांतील परोपजीवी वनस्पति डोंगरावरील गवतांतही असतात. गुलाबी फुलांची सोपूबिया ही त्यांपैकीं एक होय. तीं पानांनीं हिरवीं दिसतात, परंतु जमिनीखालीं शेजारच्या मुळांतून रस चोरतात. डोंगरावर ह्यांचा उपद्रव वाटत नाहीं, कारण तेथें शेंकडों जातींचीं झाडें एकत्र असतात व चोरास एकाच घरावर तुटून पडतां येत नाहीं. आपण त्याच शेतांत वर्षानुवर्षें जोंधळाच पेरितों, तेव्हां टारफुल्याचें फावतें. त्याचें बीं धुळीसारखें बारीक असून तें जमिनींत पुष्कळ वर्षें जिवंत राहतें, आणि योग्य मुळाचा स्राव लागला म्हणजेच उगवतें. म्हणून मधून मधून कापूस, चवळी ह्यांसारखें फसवें पीक घ्यावें; त्यांच्या मुळांच्या स्रावानें टारफुला उगवतो खरा, परंतु त्यास पोसणारें कोणी न मिळाल्यामुळें तो मरतो. पिकांची फेरपालट करा हा उपदेश आपण नेहमीं ऐकतों; डोंगर तोच उपदेश न बोलतां करितो.

मधला उतार: पिकांचे भाऊबंद

गांवाच्या वर पहिला चढ चढल्यावर गवताचे उतार लागतात. येथें थोडें थांबून नीट पाहिलें तर आपल्या पिकांचे रानटी भाऊबंद जागोजाग भेटतात. गवतांतून पसरलेली, लहान पिंवळ्या फुलांची व चपट्या लवदार शेंगांची वेल दिसेल, ती रानतूर. हिच्या कुळाचा उपयोग करून संशोधकांनीं तुरीचे नरवंध्य वाण तयार केले व त्यांपासून संकरित तुरीचें बीं निघालें. जी वेल आपण पायाखालीं तुडवितों तिच्या पोटांत असा ठेवा आहे. पिंवळीं फुलें व फुगीर शेंगा असणारा खुळखुळा हा आपल्या तागाचा जवळचा आप्त. वाळलेल्या शेंगेंत बिया वाजतात म्हणून त्यास हें नांव पडलें. ओलसर जागीं दिसणारा कवला, ज्याची भाजी आदिवासी बंधु-भगिनी आवडीनें करितात, हाही शेंगवर्गांतीलच. ह्या सर्वांच्या मुळांवर गांठी असतात व त्या गांठींतील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र जमिनींत आणितात. डोंगरास कोणी खत घालीत नाहीं; तरी त्याचें गवत दरसाल उगवतें, त्याचें एक कारण हें आहे.

झुडपांच्या सावलींत रानहळदीचीं रुंद पानें व तुऱ्यासारखीं फुलें दिसतात. वरच्या अंगाच्या जांभळट पाकळ्या दुरूनही लक्ष वेधतात. भारंगीचीं निळसर फुलें झुडपाच्या शेंड्यास झुपक्यांनीं येतात. तिच्या पानांची व फुलांचीही भाजी होते. मोठ्या पांढऱ्या छत्र्यांसारखे फुलोरे असणारा पंद हा कोथिंबीर व जिरें ह्यांच्या कुळांतील आहे, हें त्याचें पान चुरगळून वास घेतला असतां तत्काळ पटतें.

कळलावी मात्र दुरूनच पाहावी. तिच्या लाल-पिंवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्या सुंदर खऱ्या. परंतु तिचा कंद जहाल विषारी आहे. लहान मुलांस व गुरांस त्यापासून जपलें पाहिजे. ह्याच विषांत कोल्चिसीन नांवाचें द्रव्य आहे. १९३७ च्या सुमारास त्याच्या योगें वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रें दुप्पट करतां येतात असें आढळून आलें, व बिनबियांच्या कलिंगडासारखे प्रकार त्यांतूनच पुढें निघाले. दक्षिणेकडे औषधी बियांसाठीं कळलावीची लागवडही केली जाते.

ह्या उतारावरील गवतही वाचतां आलें पाहिजे. ज्या जागीं मारवेल व पवन्या दाट आहे, तेथें माती बरी आहे व चराई बेताची आहे असें समजावें. ज्या जागीं नुसती कुसळी माजली आहे, तेथें वारंवार जाळपोळ अगर अतिचराई होत असल्याचा संशय घ्यावा. कुसळीच्या बियांस लांब शेपटी असते. ती दंवानें ओली होऊन पीळ घेते व बीं जमिनींत घुसवते. वणवा वरून निघून गेला तरी तें बीं खालीं सुरक्षित राहतें. म्हणून आगीनें चांगलें गवत मरतें आणि वाईट तगतें.

कारवीचा पट्टा

गवताच्या वर, जेथें उतार अंगावर येतो, तेथें कारवीचीं बनें लागतात. पुरुषभर अगर त्याहून उंच, सरळ काठ्यांचें, खरखरीत मोठ्या पानांचें हें झुडूप सह्याद्रीच्या सर्व घाटांत आहे. तिच्या काठ्यांचे कुड करून त्यांवर शेणमातीचा गिलावा देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु कारवीचें खरें नवल तिच्या फुलण्यांत आहे. ती दरवर्षीं फुलत नाहीं. सुमारें सात वर्षें नुसती वाढते आणि मग एका पावसाळ्याअखेर सबंध उतारच्या उतार जांभळट निळा होतो. त्यानंतर बीं धरतें, पुढल्या उन्हाळ्याच्या सुमारास बोंडें तडतडून फुटतात, आणि फुललेलें झाड मरून जातें. नव्या पावसांत जमिनीवर रोपांचा गालिचा उगवतो व पुनः सात वर्षांची वाट सुरू होते. निलगिरीकडील नीलकुरिंजी ही कारवीचीच बहीण. ती बारा वर्षांनीं फुलते. तिचे २००६ व २०१८ सालचे बहर पुष्कळांस आठवत असतील.

ज्या वर्षीं कारवी फुलते त्या वर्षीं मधाची सुगी असते. कारवीचा मध दाट व गडद रंगाचा असून घाटमाथ्यावर त्याची विशेष ख्याति आहे. परंतु मध ही कारवीची लहान देणगी समजावी. मोठी देणगी ही कीं, ज्या उतारावर नांगर काय, पण माणसाचा पाय ठरत नाहीं, तेथील माती ती एकमेकींत गुंतलेल्या मुळांनीं धरून ठेवते. तिच्या दाट पानांवर मुसळधार सरींचा जोर मोडतो व पाणी थेंबाथेंबानें जमिनींत मुरतें. जेथें कारवी खरडून काढली, तेथें दोनचार पावसाळ्यांत ओघळी पडतात व मुरूम उघडा होतो. तो मुरूम व ती माती कोठें जाते? आधीं खालच्या भातखाचरांत, मग ओढ्यांत व अखेरीस धरणाच्या पोटांत. कालव्याच्या टोंकाशीं बसून पाण्याची वाट पाहणाऱ्या बागाईतदारानें हें ध्यानांत घ्यावें.

कारवी मरते त्या उन्हाळ्यांत डोंगर विशेष धोक्यांत असतो. वाळलेल्या काठ्या उभ्याच असतात व एक ठिणगी पुरते. त्या वर्षीं तरी आसपासच्या गांवांनीं डोळ्यांत तेल घालून पहारा केला पाहिजे.

शिड्या व कातळ

कारवीच्या वर कडे सुरू होतात. शिड्यांवरून चढतांना हात घट्ट धरावा लागतो, परंतु नजर मोकळी असते. ती बाजूच्या खडकावर ठेवावी. पाणी झिरपणाऱ्या भिंतींवर शेवाळाच्या आधारानें लहान बुटका तेरडा व गुलाबी फुलांची बेगोनिया वाढलेली दिसते. दोन बोटें माती नाहीं अशा जागीं हीं झाडें पावसाळ्याच्या चार महिन्यांत उगवतात, फुलतात व बीं टाकून मोकळीं होतात. अवर्षणी मुलखांत कमी मुदतीचें वाण का निवडावें, ह्याचें हें निसर्गांतील उत्तर आहे.

कड्यांमधील सपाट टप्प्यांवर पाणी साचून राहतें. अशा जागीं बटणासारखीं पांढरीं डोकीं वर काढून गेंद उभे असतात आणि त्यांच्या आसपास सीतेचीं आसवें ह्या गोड नांवाचीं इवलीं जांभळीं-निळीं फुलें गालिच्यासारखीं पसरलेलीं असतात. नांव कोमल असलें तरी हें झाड मांसाहारी आहे. त्याच्या मुळांसारख्या तंतूंवर सूक्ष्म पिशव्या असतात. पाण्यांतील बारीक जीव त्यांत ओढले जातात व पचविले जातात. असें करण्याचें कारण उघड आहे. सततच्या पावसानें त्या उथळ मातींतील नत्र धुऊन गेलेलें असतें, म्हणून झाड तें दुसरीकडून मिळवितें. वाचकांनीं ह्यांतून एक खूण घ्यावी: ज्या खाचराच्या कोपऱ्यांत गेंद माजतो, तेथें पाण्याचा निचरा होत नाहीं असें समजावें, व खत वाढविण्यापूर्वीं चर काढण्याचा विचार करावा.

माथा: सोनकीचें सोनें

शेवटची शिडी संपली कीं माथ्याचा उघडा भाग लागतो. वाऱ्याच्या माऱ्यामुळें येथें मोठें झाड नाहीं; झुडपेंही खुजीं. परंतु आश्विनाच्या तोंडीं माथ्याजवळचे उतार सोनकीनें सोन्यासारखे झालेले असतात. पिंवळीं, सूर्यफुलाच्या घाटाचीं, परंतु अंगठ्याच्या नखाएवढीं हीं फुलें हजारोंनीं एकत्र असल्यामुळें दुरून एकच पट दिसतो. सोनकी, सूर्यफूल, करडई व पायथ्याची खुरासणी हीं सर्व एकाच कुळांतील आहेत. वर सोनकीचें पिंवळें व खालीं खुरासणीचें पिंवळें, असे दोन पट्टे माथ्यावरून एका दृष्टिक्षेपांत दिसतात. आणि दोहोंवर तीच माशी काम करीत असते.

ह्या दोन पिंवळ्या पट्ट्यांत ह्या लेखाचें सार आलें आहे. खालचा पट्टा आपला आहे, त्याचा सारा आपण भरतों व त्याचें तेल आपण विकतों. वरचा पट्टा कोणाच्याच सातबाऱ्यावर नाहीं. परंतु वरचा नसेल तर खालच्याचें उत्पन्न घटेल.

मधमाशीचें वर्ष

आतां बारा महिन्यांचा हिशेब पाहूं. पौष-माघापासून धायटीचीं लाल नळकांड्यांसारखीं फुलें उमलूं लागतात. त्यांत मध भरपूर असतो. माघ-फाल्गुनांत करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनीं भरतात. पुढें अंजनीच्या काळ्या खोडाच्या फांद्यांवर निळे झुपके येतात, आणि जांभूळ व हिरडा फुलतात. पावसाळ्यांत तेरडा, कवला व इतर रानफुलें. पावसाळ्याअखेर सोनकी आणि पाळी असेल त्या वर्षीं कारवी. ही माळ कोठें तुटली, तर माशांच्या वसाहती उपासानें दुबळ्या होतात अगर सोडून जातात.

सातेरी माशी आपल्या घरापासून सामान्यतः एक-दीड किलोमीटरांच्या आंतच चारा शोधते. म्हणून कळसूबाईची माशी राहुरीच्या शेतांत येणार नाहीं. प्रत्येक गांवास त्याचा त्याचा डोंगर, टेकडी, माळ वा देवराईच राखली पाहिजे. कड्यावर मोठीं पोळीं लावणारी आग्या माशी मात्र दूरवर जाते व ऋतूप्रमाणें मुक्काम हलविते. डोंगरावर चारा असेपर्यंत ती तेथें असते व सपाटीवर पीक फुललें कीं खालीं येते. कांद्याचें बीं करणारे शेतकरी हें जाणतात. गोंड्यांवर माशा नसल्या म्हणजे बीं किती कमी भरतें, हें त्यांस निराळें सांगावयास नको. डाळिंब, काकडी, दोडका, भोंपळा व सूर्यफूल ह्यांचीही गोष्ट थोड्याफार फरकानें हीच आहे.

महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर ह्या गांवानें ह्या विचारास व्यवहाराचें रूप दिलें. २०२२ सालीं तें मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. तेथील बहुतेक कुटुंबें मधपाळ आहेत व त्यांचा धंदा भोंवतालच्या रानाच्या फुलोऱ्यावर उभा आहे. रान राखण्यांत ज्यांचा प्रत्यक्ष फायदा आहे ते लोक रान जळूं देत नाहींत, हें ह्यांतील मर्म आहे.

वणवा

डोंगराच्या फुलोऱ्याचा सर्वांत मोठा वैरी वणवा होय. आणि आपल्याकडील वणवे बहुतेक माणसाच्या हातानें लागतात. कोणी नवें गवत लवकर फुटावें म्हणून काडी लावितो, कोणी पोळें काढतांना पेटलेला चूड टाकून जातो, कोणी विडीचें थोटूक फेंकतो. राखेनें गवत हिरवें फुटतें हें खरें. परंतु राखेंत उरलेले क्षार पहिल्याच जोराच्या पावसांत वाहून जातात, आणि पाल्यापाचोळ्यांतील नत्र तर धुरावाटे आधींच गेलेलें असतें. म्हणजे मुद्दल जाळून एका हंगामाचें व्याज मिळविण्यासारखा हा प्रकार आहे.

वेळही पाहा. वणवे माघापासून चैत्रापर्यंत लागतात. नेमक्या त्याच काळांत धायटी, करवंद व अंजनी फुलांत असतात. म्हणजे आग माशीच्या तोंडचा घांस काढून घेते, आणि जमिनींत व वाळक्या काड्यांत घरें करणाऱ्या एकट्या माशांस तर घरासकट जाळते. जळालेल्या उघड्या जागेवर पुढें घाणेरी व रानमोडी शिरते. दोन्ही अमेरिकेकडून आलेल्या. घाणेरीचा पाला खाल्ला तर गुरांस विषबाधा होते, आणि एकदां तिची जाळी माजली म्हणजे गवत व रानफुलें तिच्याखालीं गुदमरतात. वाटेच्या कडेनें गाजरगवतही वर चढतें आहे. त्याचें बीं वाहनांच्या व पादत्राणांच्या चिखलाबरोबर येतें.

काय करावें

आमच्या सूचना थोड्या व घरच्या घरीं करण्यासारख्या आहेत. पहिली, गांवच्या डोंगराभोंवतीं पौषाच्या आंतच गवत कापून जाळरेषा काढावी व कापलेलें गवत गंजी घालून ठेवावें. उभें गवत जाळण्यापेक्षां कापलेलें गवत विकणें केव्हांही फायद्याचें. दुसरी, राबासाठीं डोंगरावरील झुडपें व फांद्या तोडण्याचें प्रमाण कमी करावें. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला खाचरांत गाडण्याची चारसूत्री भातलागवडींतील रीत ह्या कामीं उपयोगी आहे. तिसरी, बांधावरील करवंद, निर्गुडी, धायटी हीं झुडपें समूळ काढूं नयेत; पिकास सावली होत असेल तर छाटावीं. चौथी, पीक फुलांत असतां औषधाची फवारणी शक्य तो टाळावी, व करणें भागच पडलें तर माशा परतल्यावर सायंकाळीं करावी. पांचवी, ज्यांस सवड आहे त्यांनीं सातेरी माशीच्या पेट्या ठेवाव्या. पुण्यास १९६२ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था ह्या कामाचें शिक्षण देते.

सहावी सूचना सर्वांत सोपी व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या गांवच्या टेकडीवर महिन्यांतून एकदां जावें, आणि कोणतें झाड कोणत्या पंधरवड्यांत फुललें, त्यावर माशा होत्या कीं नव्हत्या, हें एका वहींत लिहून ठेवावें. शास्त्रीय नांवें येत नसलीं तरी अडत नाहीं. गांवांतील वृद्ध बायांस व गुराख्यांस विचारावें, त्यांस पुष्कळ नांवें ठाऊक असतात. थिओडोर कुक ह्यांचा मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ ह्या सालांत भागशः प्रसिद्ध झाला. त्यांतही वनस्पतींचीं देशी नांवें आवर्जून दिलेलीं आहेत. मुलांस बरोबर न्यावें. पांच वर्षांची अशी वही झाली म्हणजे माशीच्या वर्षांत उपासाचा महिना कोणता, हें आपणांस आपल्याच अक्षरांत वाचावयास मिळेल. आणि त्या महिन्यांत फुलणारें एखादें झुडूप बांधावर लावणें हें कांहीं मोठें खर्चाचें काम नव्हे. पावसाळ्याअखेरचा फुलोरा पाहण्यास भाद्रपद उत्तम. परंतु वहीचा आरंभ ज्या महिन्यांत हा अंक हातीं पडेल त्याच महिन्यांत करावा.